‘सराव अपुरा’ हा शेरा मागे घ्या

स्पीच थेरपिस्ट, त्यांना शिकवणारे प्राध्यापक आणि तोतरेपणावर शिबिरं भरवणारे संचालक यांस,

स. न. वि. वि.

उपचार थांबवताना फायलीत एक ओळ लिहिली जाते. कधी ‘सराव अपुरा’, कधी ‘घरी पाठपुरावा नाही’, कधी ‘इच्छाशक्ती कमी’. शब्द बदलतात, शेरा तोच. ज्या प्रौढाचं बोलणं उपचाराच्या खोलीत सुटलं आणि बाहेर पुन्हा अडलं, त्याच्या नावावर ही ओळ चढते. पुढचा थेरपिस्ट फाइल उघडतो तेव्हा आधी ती ओळ वाचतो, मग माणसाकडे बघतो. आमचं म्हणणं त्या ओळीबद्दल आहे, आणि ते चारचौघांत मांडायचं कारण असं की खोलीत ते मांडलं की ‘प्रतिकार करतो’ अशी दुसरी ओळ चढते.

आम्ही तीव्र तोतरेपणा असलेली प्रौढ माणसं आहोत. बोबडी नव्हे, तोतरी. हा फरक तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. बोबडेपणात उच्चार चुकतो. तोतरेपणात शब्द ठाऊक असतो, उच्चार ठाऊक असतो, फक्त तो सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन पुढे सरकत नाही. एकच अक्षर पुनःपुन्हा येतं, एखादा स्वर लांबत जातो, नाहीतर तोंड उघडं आणि आवाज बंद, म्हणजे ब्लॉक. तीव्र तोतरेपणात हा ब्लॉक दहा-दहा सेकंद टिकू शकतो.

जिथे तुमचं काम चोख आहे ते आधी कबूल करतो. तोतरेपणा बहुधा वयाच्या दोन ते पाच वर्षांत सुरू होतो. सुरू झालेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचा पुढे जातो, पुष्कळांचा उपचाराशिवायही. प्रौढांत तो शंभरात साधारण एकाला उरतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या लिडकम पद्धतीत आईवडीलच रोज थोडा वेळ मुलाच्या सुरळीत बोलण्याला दाद देतात, अडखळलं तर क्वचित आणि हळुवार दाखवून देतात. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिची यादृच्छिक चाचणी, म्हणजे कुणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेली चाचणी, प्रसिद्ध झाली. ५४ मुलं होती. नऊ महिन्यांनंतर उपचार घेतलेल्या मुलांत अडखळलेली अक्षरं सरासरी १.५ टक्के होती, न घेतलेल्यांत ३.९ टक्के. हा खरा फरक आहे. म्हणून लहान मुलाच्या पालकांना ‘थांबा, आपोआप जाईल’ असं सांगून वर्षदोन वर्षं घालवणारे डॉक्टर पाहिले की आम्हालाही तुमच्याइतकाच राग येतो.

पण हे यश कोवळ्या वयातलं आहे, आणि ते तिशीतल्या माणसाला दाखवलं जातं. ‘तोतरेपणा बरा होतो’ हे वाक्य चार वर्षांच्या मुलाबद्दल पुष्कळदा खरं आहे. तीव्र तोतरेपणा घेऊन मोठ्या झालेल्या माणसाबद्दल ते खरं नाही, हे तुम्हाला माहीत असतं. पहिल्या भेटीत हा फरक सांगितला जात नाही, आणि शेवटी ‘सराव अपुरा’ लिहिण्याची पाळी येते ती इथूनच.

पहिली तक्रार, आणि सगळ्यात मोठी. तंत्राबद्दल आमची तक्रार नाही, ते कुठे मोडतं हे लपवण्याबद्दल आहे.

प्रौढांना शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींचा एक मोठा गट बोलण्याची घडणच बदलतो. आधी थोडी हवा सोडायची, मग आवाज हळुवार सुरू करायचा. ओठ आणि जीभ जेमतेम टेकवायची, दाबायची नाही. स्वर तुटू न देता शब्दाला शब्द जोडत जायचं. सुरुवातीला वेग इतका कमी ठेवायचा की मिनिटाला ४० ते ६० अक्षरंच होतात. मग पायरीपायरीने तो २०० च्या आसपास, म्हणजे रोजच्या बोलण्याजवळ आणायचा. खोलीत हे चालतं, आणि अगदी तीव्र तोतरेपणातही चालतं. ही जादू नाही, तशीच फसवणूकही नाही.

बाहेर ते मोडतं त्याला कारणं आहेत. चालताना पाऊल कुठे टाकायचं याचा विचार कुणी करत नाही, बोलताना जीभ कुठे ठेवायची याचाही नाही. तंत्र वापरायचं म्हणजे हे आपोआप चालणारं काम हाताने चालवायचं. समोरचा प्रश्न अवघड निघाला, आकडे आठवायचे असले, कुणी मध्येच तोडलं, की लक्ष मजकुराकडे जातं आणि तंत्र सुटतं. म्हणजे जिथे बोलणं खरोखर महत्त्वाचं, तिथेच ते आधी सुटतं. त्याला आळस म्हणत नाहीत.

दुसरं, ‘हळुवार सुरुवात’ ही ब्लॉकच्या आधी करायची गोष्ट आहे. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात. ब्लॉकमध्ये ते मिटलेलेच राहतात, आणि पुष्कळदा स्वरतंतूही घट्ट आवळलेले असतात, हवा हलत नाही. त्या क्षणी ‘आवाज हळूच सोड’ सांगणं म्हणजे आतून कडी लागलेलं दार बाहेरून ढकलणं. आणि कृपा करून ‘मोठा श्वास घे’ हे तर सांगूच नका. श्वास कमी पडला म्हणून शब्द अडलेला नसतो. छातीत भरपूर हवा भरून वर दार बंद ठेवलं तर खालून दाब वाढतो आणि पकड आणखी घट्ट होते. हा सल्ला शेजारीपाजारी देतात ते समजतं. पदवी घेतलेल्यांनीही तो द्यावा याचं आश्चर्य वाटतं.

तिसरं, आवाज आपला वाटत नाही. बोलणं किती नैसर्गिक वाटतं ते मोजायला तुमच्याकडेच १ ते ९ ची श्रेणी आहे. तंत्राने अडखळणं जवळजवळ शून्यावर आलं तरी त्या श्रेणीवर बोलणं सपाट, यांत्रिक ठरू शकतं. विनोद सांगता येत नाही, भांडता येत नाही, कुणाला धीर देता येत नाही; देता आला तर तो सूचना वाचून दाखवल्यासारखा वाटतो. अशा वेळी माणूस तंत्र बाजूला ठेवतो आणि अडखळत पण स्वतःच्या आवाजात बोलतो. ही निवड आहे. फायलीत तिची नोंद ‘सहकार्य नाही’ अशी होते.

दुसरा गट सुरळीतपणाच्या मागे लागत नाही, कमी ताणाने अडखळायला शिकवतो. स्वतः तोतरे असलेले अमेरिकन स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–१९९४) यांनी तो घडवला. त्यात तीन जागी हात घालायचा. शब्द अडखळत पुरा झाला की थांबायचं, ताण कुठे होता ते हेरायचं आणि तोच शब्द सैल करून पुन्हा म्हणायचा. ते जमलं की शब्द अडलेला असतानाच पकड ढिली करत बाहेर सरकायचं. आणि शेवटी, अडणार हे आधीच कळलं तर शब्दात शिरण्यापूर्वीच तोंड सैल करायचं. आमच्यापैकी पुष्कळांना हाच मार्ग जास्त मानवतो. पण यालाही अट आहे: ऐकणारा थांबला पाहिजे. पहिल्या पायरीतली तीन सेकंदांची शांतता थेरपिस्ट ओळखतो. फोनवरचा अनोळखी माणूस ती ‘हॅलो? हॅलो?’ म्हणून भरतो आणि फोन ठेवतो. ऐकणाऱ्याला तयार करणं हा उपचाराचा भाग कधी मानला गेला का?

दुसरी तक्रार मापाची. अडखळलेल्या अक्षरांची टक्केवारी हेच बहुतेक अहवालांतलं मुख्य, कधीकधी एकमेव माप असतं. हिशेब करून बघा. ३०० अक्षरांचा मजकूर, मिनिटाला २०० अक्षरांच्या वेगाने, म्हणजे दीड मिनिटाचं बोलणं. एक जण १० टक्के अडखळतो, प्रत्येक वेळी एक सेकंद. ३० अडथळे, ३० सेकंद वाया. दुसरा फक्त २ टक्के अडखळतो, पण प्रत्येक ब्लॉक १२ सेकंदांचा. ६ अडथळे, ७२ सेकंद वाया. टक्केवारीप्रमाणे दुसऱ्याचा तोतरेपणा किरकोळ ठरतो. दीड मिनिटाच्या बोलण्याला त्याला २ मिनिटं ४२ सेकंद लागतात, आणि त्यातला प्रत्येक ब्लॉक समोरच्याने नजर चुकवायला पुरेसा असतो.

‘स्टटरिंग सिव्हिरिटी इन्स्ट्रुमेंट’ या तीव्रता मोजण्याच्या साधनात सर्वांत लांब तीन अडथळ्यांची सरासरी घ्यायची असते, पापण्या मिटणं, जबडा हिसडणं, मान झटकणं यांचेही गुण द्यायचे असतात. म्हणजे साधन नाही असं नाही. घाईत निम्मं साधन वापरलं जातं.

शिवाय टक्केवारीला जे दिसतच नाही ते वेगळं. पुढचा शब्द अडणार हे आम्हाला बऱ्याचदा आधी कळतं, आणि आम्ही तो बदलतो. ‘मंगळवार’ अडणार वाटलं की ‘परवा’ म्हणतो. वाक्य उलटं फिरवतो, ‘म्हणजे काय झालं’ अशी फोडणी देतो, ठाऊक असलेल्या उत्तराला ‘माहीत नाही’ म्हणतो. हे सगळं अहवालात शून्य टक्के म्हणून उतरतं. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून पुष्कळांचा सर्वांत वाईट ब्लॉक नावावरच येतो. मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती, ती तुम्ही वर्गात शिकवता. मोजता मात्र वरचं टोक.

आणि मोजता कुठे? शांत खोली, ओळखीचा एकच माणूस, घाई नाही. तिथे तोतरेपणा उपचाराआधीच उतरलेला असतो. एका बैठकीत तोच उतारा पुनःपुन्हा वाचला की पाचव्या वाचनापर्यंत अडखळणं निम्म्याच्या आसपास येतं आणि काही तासांत परत जागेवर जातं, हे तुमच्याच पाठ्यपुस्तकांत आहे. एकसुरात समूहाने वाचताना, गाताना, मांजराशी बोलताना तर ते जवळजवळ नाहीसंच होतं. त्यामुळे खोलीतली सुधारणा हा पुरावा होऊ शकत नाही.

तिसरी तक्रार शिबिरवाल्यांबद्दल. दोन-तीन आठवडे, रोज कित्येक तास सराव, शेवटच्या दिवशी मंचावर भाषण आणि त्याचं चित्रीकरण. पहिल्या दिवसाचा अडखळता चेहरा आणि शेवटच्या दिवसाचा हसरा चेहरा शेजारीशेजारी. तो शेवटचा दिवस खोटा नसतो, आमच्यापैकी कित्येकांनी आयुष्यातलं सर्वांत सुरळीत बोलणं तिथेच केलं. पण त्यानंतरच्या महिन्यांत बोलणं पुन्हा मूळपदावर घसरणं हे प्रौढांत अपवाद नाही, नेहमीचं आहे. घसरणीनंतरची चित्रफीत कुणी लावत नाही. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या आचारसंहितेत उपचाराच्या परिणामाची हमी देऊ नये, प्रत्यक्ष किंवा सूचक, असं स्पष्ट आहे. शेजारीशेजारी लावलेले दोन चेहरे सूचक हमी नाहीत तर काय आहेत?

यंत्रांचंही तसंच. कानात आपलाच आवाज क्षणभर उशिराने किंवा वेगळ्या पट्टीत ऐकवणारं यंत्र काहींना उपयोगी पडतं. पण त्याला ऐकवायला आधी आवाज लागतो. ज्याचा ब्लॉक निःशब्द आहे, त्याचा पहिला आवाजच निघत नाही, मग यंत्र परत काय ऐकवणार? काहींच्या बाबतीत सुरुवातीचा परिणाम पुढे ओसरतो. गोंगाटात ते भोवतालचा आवाजही कानात ओततं. एवढं विकण्यापूर्वी सांगायला पाच मिनिटं लागतात.

औषधाच्या आशेवर असलेल्यांसाठी एक वाक्य: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तोतरेपणासाठी आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. आणि जिभेची शीर कापा, तोंडात खडे ठेवा असं सांगणाऱ्यांसाठी इतिहास आहे. १८४१ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक डीफेनबाख यांनी भुलीची सोय नसतानाच्या काळात तोतऱ्यांच्या जिभेच्या मुळातून पाचर कापून काढली होती. तोतरेपणा जिभेत नाही हे तेव्हाही सिद्ध झालं.

चौथी तक्रार मनाची. तोतऱ्या प्रौढांत लोकांसमोर जाण्याची भीती इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि ती असण्यात नवल नाही. संज्ञानात्मक वर्तनोपचाराने, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराने, ही भीती कमी होते, टाळाटाळ कमी होते. तो जरूर द्यावा. पण भीती उतरली म्हणून अडखळणंही उतरतंच असं नाही. नियंत्रित अभ्यासातही भीती घटली आणि अडखळणं तिथेच राहिलं असं दिसलं आहे. तरी ‘मनातली भीती काढ, जीभ सुटेल’ हे वाक्य अजून ऐकू येतं. तोतरेपणा कुटुंबांतून उतरतो. २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रायना यांच्या गटाने त्याच्याशी जोडलेले तीन जनुकांतले बदल दाखवले. ते थोड्याच लोकांत सापडतात, पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे. मेंदूच्या चित्रणांत बोलण्याशी संबंधित डाव्या बाजूच्या जोडण्यांत फरक दिसतात. भीती हा बहुतेक वेळा अडखळण्याचा परिणाम आहे. परिणामालाच कारण ठरवलं की दोष परत माणसाच्या माथी येतो.

याच्या उलट टोकाचीही एक नवी खोड आहे. तंत्र चाललं नाही की ‘आता स्वीकार करा’ म्हणायचं आणि दार लोटायचं. स्वीकार आम्हाला हवा आहे. पण उपचार थकल्यावर हातात दिलेला स्वीकार हा निरोप असतो. तो पहिल्या भेटीपासून तंत्राच्या बरोबरीने हवा.

पाचवी तक्रार छोटी दिसते, पण रोजच्या जगण्यात तीच जास्त बोचते. सवलतीसाठी तुम्ही लिहून देता त्या पत्राला वजन आहे. तोंडी परीक्षा, मुलाखत, फोनवरची ओळख-तपासणी, बोलून पर्याय निवडायला लावणारी यंत्रणा, जी काही सेकंद शांतता दिसली की ‘प्रतिसाद मिळाला नाही’ म्हणून फोन कापते. या प्रत्येक ठिकाणी आमच्यासाठी तुमचं एक पानी पत्र दार उघडू शकतं. पण मिळतं ते ‘मध्यम स्वरूपाचा तोतरेपणा, उपचार सुरू’ एवढंच. हे पत्र वाचणारा परीक्षक समजतो की काही महिन्यांत प्रश्न मिटेल. त्यातून तोतरेपणा दिवसागणिक चढउतार करतो. सोमवारी नीट बोललेला माणूस बुधवारी स्वतःचं नाव सांगू शकत नाही, आणि ‘परवा तर बोलत होतास’ म्हणून खोटा ठरतो. चढउतार हे या विकाराचं लक्षण आहे, एवढी एक ओळ तुमच्या सहीने असली तरी पुष्कळ काम होईल.

आमच्या मागण्या अशा:

फायलींतला ‘सराव अपुरा’ किंवा त्या अर्थाचा शेरा बंद करा. त्याऐवजी काय दिसलं ते लिहा: कोणतं तंत्र, कोणत्या प्रसंगी चाललं, कोणत्या प्रसंगी मोडलं. सराव किती झाला हे लिहायचंच असेल तर मिनिटांत लिहा, अंदाजाने नको. जुन्या फायलींत हा शेरा असेल आणि माणसाने मागणी केली, तर त्याचं म्हणणं त्याच पानावर जोडा.

पहिल्याच भेटीत, पैसे घेण्यापूर्वी, लेखी सांगा की प्रौढांचा तीव्र तोतरेपणा सहसा पूर्ण जात नाही, घसरण नेहमीची आहे, आणि ती झाली तर परत येण्याची सोय काय आहे.

मोजमाप खोलीबाहेर करा. अनोळखी माणसाला केलेले निदान तीन फोन, परवानगी घेऊन, उपचाराआधी, संपताना, सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी. टक्केवारीबरोबर सर्वांत लांब तीन ब्लॉकचे सेकंद लिहा. आणि टाळलेल्या शब्दांबद्दल, टाळलेल्या प्रसंगांबद्दल माणसालाच विचारा. ते दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत.

शिबिरांनी शेवटच्या दिवसाची चित्रफीत जाहिरातीत वापरू नये. बारा महिन्यांनंतरची वापरायची असेल तर सगळ्यांची वापरावी, निवडक नको.

सवलतीच्या पत्रात किमान इतकं असावं: ब्लॉक किती सेकंदांपर्यंत जातो, चढउतार होतो, उपचार चालू असणं म्हणजे लवकरच बरं होणं नव्हे, आणि नेमकी सोय कोणती हवी. जास्तीचा वेळ, ओघवतेपणाचे गुण वगळणं, नाव लिहून दाखवण्याची मुभा, फोनऐवजी लेखी पर्याय. ‘योग्य ती सवलत द्यावी’ असं मोघम लिहू नका. मोघम पत्रावर मोघमच उत्तर मिळतं.

उपचाराच्या निदान काही बैठकांना घरचं किंवा कामावरचं माणूस बोलवा आणि त्याला तीनच गोष्टी शिकवा: वाक्य पुरं करून देऊ नये, ‘सावकाश बोल’ म्हणू नये, ब्लॉक चालू असताना नजर हटवू नये.

आणि विद्यार्थ्यांना शिकवताना वर्गात तीव्र तोतरेपणा असलेल्या प्रौढांना बोलवा, प्रात्यक्षिकाचा नमुना म्हणून नव्हे, शिकवायला. एका तासात आमचं बोलणं कमीच होईल, वेळापत्रक तसं ठेवा.

या पत्राचं उत्तर लेखी द्यावं. फोन करू नये.

कळावे,

आपले,
तीव्र तोतरेपणा असलेले काही प्रौढ